जनरेटर घेऊन चिखलदऱ्याला

गुरुवार, वाडी

धाकट्या भावाचा नागपुरात मांडव, बिछायत आणि जनरेटरचा धंदा आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चिखलदऱ्याच्या एका लग्नाचं काम त्याच्याकडे आलं. "ताई, चाल ना, थंडी लागते मस्त," असं म्हणून त्याने मला सोबत घेतलं. त्यामागचं खरं कारण वाडीला पोचल्यावर कळलं. त्याच्या पिकअपला जनरेटरची दोनचाकी ट्रॉली जोडली की गाडीचं बूड खाली बसायचं आणि नाक वर जायचं. रात्री समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारायचा. ड्रायव्हरचं म्हणणं आणखी गंभीर होतं: साठच्या वर गेलं की स्टिअरिंग हातात असल्यासारखं वाटत नाही. मी तंत्रनिकेतनात अप्लाइड मेकॅनिक्स शिकवून निवृत्त झाले आहे. घरच्यांना माझ्या या विषयाची आठवण फक्त अशा वेळी होते.

अमरावती रोडवरची वाडी म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्यांचं गाव. गोदामं, ट्रकांच्या रांगा आणि त्यांच्या आधाराने जगणारे टायरवाले, वेल्डिंगवाले, कमानीवाले, म्हणजे गाडीखालच्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा बसवणारे. आमचे कमानीवाले चाचा गाडीखाली न वाकताच म्हणाले, "एक पाटा वाढवून देतो. दोन घंट्यांत गाडी सरळ."

भावाच्या मनात वेगळंच होतं. मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून त्याला कमानीवर बसवायच्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअर बॅग, हव्या होत्या. त्याआधी त्याला लेव्हलिंग किटचं वेड लागलं होतं, ते मी तिथेच मोडून काढलं. रिकामी पिकअप मागून थोडी उंच असते, ती मुद्दाम तशी बनवलेली असते. माल भरल्यावर मागचं बसावं आणि गाडी सरळ व्हावी, एवढाच त्यामागचा हेतू. लेव्हलिंग किट पुढची बाजू उचलून रिकाम्या गाडीला सरळ करतं. फोटोत छान दिसतं. पण त्याच गाडीला मागे ट्रॉली लावली की नाक आणखी वर.

मी म्हटलं, आधी धरमकाटा, म्हणजे ट्रक तोलायचा वजनकाटा. चाचांनी भावाकडे पाहिलं, भावाने आकाशाकडे.

काट्यावर काय करायचं ते सांगते, कारण हे कुणालाही शंभर-दोनशे रुपयांत करता येतं. आधी ट्रॉली सोडून, आम्ही सगळे बसलेलो असताना, पूर्ण पिकअपचं वजन केलं: 2040 किलो. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवली: 1110. म्हणजे मागच्या चाकांवर 930. नंतर ट्रॉली जोडली आणि ट्रॉलीची चाकं काट्याच्या बाहेर राहतील अशी गाडी उभी केली: 2270. वाढलेले 230 किलो म्हणजे ट्रॉलीची दांडी पिकअपच्या हुकावर जो भार टाकते तो. ट्रॉलीची चाकं वेगळी मोजली, 1240. दोन्ही मिळून ट्रॉली 1470 किलोची.

ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर असावा, असा ठोकताळा आहे. आमचा पंधराच्या वर गेला होता. पण मला खरी काळजी दुसऱ्या आकड्याची होती. ट्रॉली जोडलेली असताना पुन्हा फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली. आकडा आला 1020. ट्रॉली जोडल्यावर पुढच्या चाकांवरचं वजन नव्वद किलोंनी कमी झालं होतं.

"वजन वाढवलं तर कमी कसं झालं बे?" ड्रायव्हरने विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. हुक मागच्या आसाच्या (एक्सलच्या) मागे आहे, टेप लावला तर एक मीटर सतरा सेंटिमीटर. दोन आसांमधलं अंतर तीन मीटर. हुकावर 230 किलो दाबले की मागचा आस टेकू होतो आणि पुढची बाजू उचलली जाते: 230 गुणिले 1.17 भागिले 3, म्हणजे नव्वद. ते नव्वद मागच्या चाकांवर जाऊन बसतात. हुकाचे 230 आणि हे नव्वद मिळून मागच्या चाकांवर 320 किलो वाढले.

चाचा इतका वेळ गप्प उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, सीधं बोला ना, बंडी उलार झाली." मग त्यांनीच ड्रायव्हरला समजावलं. बैलबंडीत कडबा मागे जास्त भरला की जू वर उठतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरला तर बैलांची मान मोडते. जुना गाडीवान बंडी भरताना मधूनमधून जू हाताने उचलून पाहायचा. आम्ही तेच काट्यावर पाहत होतो. त्या दिवसापासून चाचा आणि माझं जमलं.

आता पाटा वाढवला किंवा एअर बॅग लावली तर काय होईल? मागची बाजू वर येईल. उंची सुधारेल, हेडलाइट खाली येतील. पण पुढच्या चाकांवरून गेलेले नव्वद किलो परत येणार नाहीत, कारण हुक जिथे होता तिथेच आहे आणि दांडीही तेवढाच भार टाकते आहे. गाडी सरळ दिसेल आणि स्टिअरिंग तसंच हलकं राहील. शिवाय कमान जाड केली म्हणून आसाची, टायरची, ब्रेकची ताकद वाढत नाही. कंपनीने ठरवलेली वजनाची मर्यादा तीच राहते आणि हुकावरचा भारही त्याच मर्यादेत मोजायचा असतो.

पुढचं वजन खरोखर परत देणारी एक वस्तू आहे. हुकाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे दोन लांब दांडे लावतात आणि ते साखळीने ट्रॉलीच्या चौकटीला ताणून बांधतात. ते ताणलेले दांडे हुकाशी पीळ देतात आणि भाराचा काही भाग पुढच्या चाकांवर, काही ट्रॉलीच्या चाकांवर ढकलतात. अमेरिकेत मोठ्या कॅम्पर ट्रॉलीला हे सर्रास लावतात. भावाने लगेच विचारलं, वेल्डिंग करून बनवता येईल का. माझं उत्तर: नाही. आमच्या पिकअपचा हुक आणि चेसिसचा मागचा आडवा भाग त्या पिळासाठी बनलेलाच नाही, आणि वाडीच्या वेल्डिंगवर मी चिखलदऱ्याचा घाट उतरणार नाही.

मग फुकटातला उपाय. जनरेटरचा डबा ट्रॉलीच्या चॅनेलवर बोल्टने बसवलेला होता आणि बोल्टांना लांबट खाचा होत्या. चेन-कप्पीने डबा किंचित उचलून दहा सेंटिमीटर मागे सरकवला. डबा हजार किलोंच्या पुढचा, हुकापासून ट्रॉलीचा आस दोन मीटर चाळीसवर. म्हणजे हुकावरचा भार चाळीस-पंचेचाळीस किलोंनी उतरायला हवा. याहून मागे नेण्याचा भावाचा आग्रह मी मोडला. दहा टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रॉली शेपटी हलवायला लागते, आणि ते बूड बसण्यापेक्षा फार वाईट.

दुसरी गोष्ट पिकअपच्या हौद्यातली. केबलची दोनेक क्विंटलची भेंडोळी पोरांनी फाळक्याशी टाकली होती, कारण तिथून उतरवायला सोपं. ती सगळी केबिनच्या पाठीला लावली, एक मीटर वीस सेंटिमीटर पुढे. पुन्हा काटा: एकूण 2230, पुढे 1120, मागे 1110. ट्रॉलीचा हुकावरचा भार 190, म्हणजे तेरा टक्क्यांच्या आत. पुढच्या चाकांवरचे नव्वद किलो परत आले, वर दहा बोनस.

चाचांचा पाटा मात्र अगदीच वाया गेला नाही. ट्रॉली सोडून, फरशीपासून चाकांवरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंत टेप लावला तर मागची डावी बाजू उजवीपेक्षा दोन सेंटिमीटर खाली. वजनाने बसली असती तर दोन्ही बाजू बसल्या असत्या. चाचांनी कमान आसाला आवळून धरणारे यू-बोल्ट खोलले. डाव्या कमानीतला दुसरा पाटा मधल्या बोल्टच्या भोकातून तडकला होता. पाटे बहुतेक तिथेच तुटतात: भोकामुळे पोलाद तिथे कमी असतं, आणि यू-बोल्ट ढिले असले की सगळी हालचाल तिथेच होते. नवा पाटा, नवा मधला बोल्ट, नवे यू-बोल्ट. "अमरावतीले पुन्हा कसून घ्या," चाचांनी बजावलं. नवे यू-बोल्ट गाडी चालल्यावर बसतात, ढिले होतात, आणि ढिले राहिले की नवा पाटाही तिथेच तुटतो.

शुक्रवार, वाडी ते परतवाडा

पहाटे धुकं होतं. टायर गार असतानाच हवा तपासली. मागच्या टायरमध्ये दरवाज्यावरच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी लिहिलेली हवा भरली; हे काम चालून आल्यावर गरम टायरवर केलं तर आकडा फसवा येतो. ट्रॉलीची मागची लाइट, इंडिकेटर, सुरक्षेची साखळी, ट्रॉलीचा स्वतंत्र नंबर, सगळं पाहून झालं आणि मग तर्री पोहे. डिसेंबरात तर्रीशिवाय नागपूर सोडणं मला मान्य नाही.

गोंडखैरी, बाजारगाव, कोंढाळी. रस्ता चांगला, वेग पंचावन्नच्या आसपास. कोंढाळीजवळ संत्र्यांच्या पिकअप आमच्या पुढे होत्या, आंबिया बहार उतरत होता. त्यातल्या निम्म्या गाड्यांचं बूड आमच्या कालच्या गाडीसारखंच बसलेलं.

कारंजा (घाडगे) ओलांडल्यावर एका ट्रॅव्हल्सने आम्हाला सुसाट ओलांडलं. मोठी बस शेजारून जाताना हवेचा आधी धक्का बसतो, मग ओढ. ट्रॉली एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलली आणि थांबली. ड्रायव्हरला मी आधीच सांगून ठेवलं होतं: अशा वेळी ब्रेकवर उभं राहायचं नाही, ट्रॉलीला सरळ करायला स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही, अॅक्सिलरेटर सोडायचा आणि स्टिअरिंग धरून ठेवायचं. त्याने तेच केलं. "काल असतो तर?" त्याने विचारलं. काल पुढची चाकं हलकी होती, ट्रॉली मात्र हुकावर जड होती. जड हुकाने झुलणं कमी होतं, पण झुललीच तर सावरायला पुढच्या चाकांची पकड कमी. भावाने मागून सांगितलं, "ताई, आता शिकवनं पुरे, चहा घेऊ."

तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात पहिली परीक्षा झाली. हा घाट लहान आहे, पण उतारावर ट्रॉली ढकलते ते इथे कळतं. आमच्या ट्रॉलीला चालताना लागणारा ब्रेक नाही, उभी करायचा हातब्रेक तेवढा आहे. साडेतीन हजार किलो थांबवायचं काम पिकअपच्या ब्रेकवर, आणि ब्रेकचं मोठं काम पुढची चाकं करतात. पुढच्या चाकांवरचं वजन गेलं की ब्रेकची ताकद असते पण रस्ता धरत नाही. उताराच्या तोंडाशीच तिसऱ्यात घातली आणि ब्रेक अधूनमधून, घट्ट आणि थोडा वेळ असा वापरला. सतत पाय ठेवून उतरणाऱ्या ट्रकांच्या ब्रेकचा जळका वास घाटभर होता.

वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. मोझरीला गुरुकुंजात तुकडोजी महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं, ट्रॉली बाहेर लांब उभी करून. ट्रॉलीसकट गाडी मागे घ्यायची वेळ आली की ड्रायव्हरचा धर्म बदलतो. अमरावतीत गिला वडा खाल्ला आणि एका गॅरेजमध्ये यू-बोल्ट कसून घेतले. चारही बोल्ट जवळजवळ पाव फेरा बसले. वाडीच्या चाचांना फोन करून भावाने हे सांगितलं, तेव्हा पलीकडून फक्त "बोललो होतो ना" एवढंच आलं.

वलगाव, आसेगाव, मग अंधार पडला. हेडलाइटचा खरा निकाल इथे लागला. वाडीला आमची गाडी मागे पाच सेंटिमीटर बसली होती आणि पुढे दीड उठली होती. तीन मीटरच्या गाडीत साडेसहा सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटरवर दिव्याचा झोत दोन मीटरहून जास्त वर. लो बीमला शंभर मीटरवर साधारण एक मीटर खाली झुकवलेलं असतं, ते सगळं झुकणं खाऊन झोत समोरच्याच्या डोळ्यांत. आज परतवाड्यापर्यंत कुणी डिपर मारला नाही. एका दुचाकीवाल्याने मारला, पण त्याचा स्वतःचाच दिवा आभाळाकडे होता.

शनिवार, परतवाडा ते चिखलदरा

परतवाडा सागवानाचं गाव, आरा गिरण्या आणि लाकडाचा वास. धामणगाव गढीच्या बाजूने घाट चढलो. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि घाटात सरळ रस्ता फार नाही. चढावर वजन मागे सरकतं, म्हणून इथे पुन्हा नाक हलकं व्हायची भीती होती. तसं वाटलं नाही. केबल केबिनला लावल्याचा फायदा चढावर जास्त कळला.

वळणांची गंमत वेगळी आहे. ट्रॉली पिकअपच्या मागोमाग जात नाही, ती वळणाच्या आतल्या बाजूने कापते. आत कठडा असेल तर ट्रॉलीचं चाक कठड्याला घासतं आणि ड्रायव्हरला आरशात ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून गाडी बाहेरून घ्यायची, पण बाहेर समोरून येणारी एसटी. प्रत्येक वळणावर हॉर्न आणि खाली उतरून उभा असलेला भाऊ. माणसाने गाडीबाहेर उभं राहून रस्ता दाखवणं हे आरशापेक्षा भरवशाचं, हे मी मान्य केलं आणि तो खुश झाला.

मोथ्याजवळ धुकं, थंडी, चहा. दुपारी लग्नाच्या ठिकाणी ट्रॉली लावली, दांडीखाली टेकू घातला, चाकांना दोन्हीकडून दगड. पोरांनी केबल ओढायला सुरुवात केली आणि माझं काम संपलं.

रविवार, चिखलदरा

लग्न. जेवण उत्तम, आवाज प्रचंड. दुपारी मी गाविलगडावर गेले.

किल्ला मोठा आहे, मोडकळीला आला आहे, तरी दरवाजे पाहण्यासारखे. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला. आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून आला, पण फोडायची भिंत उत्तरेला, लबाडा गावाच्या बाजूची होती. कर्नल स्टीव्हनसनच्या फौजेने डोंगरातून वाट तयार करत जड तोफा आणि दारूगोळा माणसांच्या हातांनी ओढत तिथवर नेला, कित्येक दिवस. 15 डिसेंबरला किल्ला पडला. मी तटावर बसून विचार करत होते की या तोफांच्या गाड्या त्यांनी डोंगरात कशा तोलल्या असतील. भावाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, तू गडावर बी वजनच मोजून रायली."

सोमवार, परत नागपूर

रात्री पोरांनी सामान भरलं होतं. सकाळी निघायच्या आधी मी टेप लावला. वाडीला केबल पुढे लावून ट्रॉली जोडल्यावर पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या कमानीची उंची मी दरवाज्याच्या आत पेन्सिलने लिहून ठेवली होती, 81 सेंटिमीटर. आता टेप 82 च्या वर. फाळका उघडला: केबल पुन्हा मागे, अगदी फाळक्याशी. अर्धा तास सगळी पुढे हलवली. पोरं वैतागली होती. ड्रायव्हरने मात्र न सांगता हात लावला.

एक बदल त्यांच्या हातात नव्हता. जनरेटरची टाकी ट्रॉलीच्या आसाच्या मागे आहे आणि डिझेल जवळजवळ संपलेलं. ऐंशी-एक किलो मागून गेले की दांडी हुकावर जास्त दाबते. हिशेबाने पंधरा-सतरा किलो. दहा-पंधरा टक्क्यांच्या आतच होतं, म्हणून डबा हलवला नाही. पण भरून निघताना मोजलेली ट्रॉली परत येताना तीच नसते, हे भावाच्या वहीत मी लिहायला लावलं.

उतार दुसऱ्या गिअरमध्ये, कुठेही घाई नाही. धामणगाव गढीला पोचल्यावर पुढच्या चाकांजवळ हात नेऊन पाहिला, गरम पण वास नाही. तिथून पुढचा रस्ता तोच, सांगण्यासारखं काही नाही. तळेगावला थांबून संत्री घेतली.

वाडीला आल्यावर ड्रायव्हरने पांढऱ्या रंगाने हौद्यात एक रेघ ओढली, केबल या रेघेच्या पुढे. ट्रॉलीच्या चॅनेलवरही खूण केली, डबा इथपर्यंत. भावाने एअर बॅग तरीही मागवल्या आहेत. त्याचं म्हणणं, पुढच्या सीझनला हौद्यात मांडवाचे पाइपही असतील आणि गाडी कितीही नीट भरली तरी थोडी बसणारच. त्यात खोट नाही: वजन जागेवर लावल्यानंतर उरलेल्या उंचीसाठी बॅग ठीक आहे, रिकाम्या गाडीतही तिच्यात थोडी हवा ठेवायची एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं, नाहीतर घडी पडून फाटते. बसवायच्या आधी गाडी पुन्हा काट्यावर घ्यायची असं ड्रायव्हरने परस्पर ठरवून टाकलं आहे. काट्याचे पैसे कुणी द्यायचे, यावर दोघांचं अजून जमलेलं नाही.